गाणे संपले की थांबणारे यंत्र

सोसायटीच्या गणेशोत्सवातला कराओके असो, गोव्यातल्या हॉटेलात रात्री गाणारा एकटा गायक असो की लग्नाच्या संगीतातला छोटा ऑर्केस्ट्रा, मागची साथ आज अनेकदा ट्रॅकवरून येते. ट्रॅकवर गावे की गाऊ नये, हा वाद जुना आहे. तो इथे बाजूला ठेवू. पण गायचेच ठरले, तर ट्रॅक कशावरून वाजवायचा? हा प्रश्न बहुधा ‘मोबाइल आहेच की’ म्हणून निकालात निघतो, किंवा दुकानात गेल्यावर आवाजाच्या दर्जाच्या चर्चेत हरवतो. माझ्या मते दोन्हीकडे निकषच चुकतो. यंत्र घेताना आधी हे विचारावे, की भर कार्यक्रमात ते कसे दगा देईल आणि सावरायला किती सेकंद लागतील.

याला पुरावा म्हणून जगभर गाजलेल्या दोन फजित्या पुरेशा आहेत. १९८९च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात मिली व्हॅनिली या जोडीचा ट्रॅक ऐन गाण्यात अडकला आणि एकच अर्धवट ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहिली. २००४च्या ऑक्टोबरमध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात अ‍ॅश्ली सिम्प्सन दुसरे गाणे म्हणायला उभी राहिली, तर आधी होऊन गेलेल्या गाण्याचा ट्रॅक तिच्याच आवाजासकट सुरू झाला. दोन्ही ठिकाणी पैशाची किंवा तंत्रज्ञांची वानवा नव्हती, आणि आवाजाच्या दर्जाचा तर प्रश्नच नव्हता. एकदा यंत्र अडकले, एकदा भलताच ट्रॅक लागला. श्रोत्यांच्या लक्षात राहते ते हेच.

आपल्याकडच्या छोट्या रंगमंचावर यात तिसऱ्या घोटाळ्याची भर पडते: यंत्र थांबतच नाही. गाणे संपते, टाळ्या पडतात, निवेदक माइक हातात घेतो आणि मागून पुढच्या गाण्याचे म्युझिक सुरू होते. गाणी वाजवणारी बहुतेक अ‍ॅप्स घरी ऐकणाऱ्यासाठी बनवलेली असतात. एकामागून एक वाजवत राहणे हा तिथला गुण, रंगमंचावर तोच दोष. म्हणून ट्रॅकच्या यंत्रात पहिल्यांदा पाहायची सोय म्हणजे एक गाणे वाजवून आपोआप थांबणे. त्यानंतर पाहावे, की बटणे अंधारात बोटांना सापडतात का, पुढच्या गाण्याचे नाव आधीच दिसते का, आणि चुकून हात लागला तर गाणे बदलू नये म्हणून लॉक आहे का. मेमरी कार्डवरून वाजणाऱ्या साध्या प्लेअरमध्येही या सोयी मिळू शकतात.

‘मग मोबाइलच फ्लाइट मोडवर टाकला तर?’ हा आक्षेप रास्त आहे, आणि मला तो बऱ्याच अंशी मान्य आहे. सिम नसलेला, नोटिफिकेशन बंद केलेला, सगळी गाणी स्वतःत साठवलेला जुना मोबाइल हे चांगले यंत्र होऊ शकते, कारण आता त्याला दुसरे काम उरलेले नसते. धोका असतो तो खिशातल्या रोजच्या मोबाइलचा. यूट्यूबवरून थेट वाजवले तर अंतऱ्याआधी जाहिरात येऊ शकते. ब्लूटूथने जोडला तर वेगळीच गंमत: रिकाम्या सभागृहातल्या साउंड चेकला तो सुरळीत चालतो, पण खुर्च्या भरल्या की माणसांची शरीरे त्या लहरी शोषतात आणि आवाज तुटू लागतो. जोडणी तारेनेच हवी.

आवाजाच्या दर्जाचे काय, असे कोणी विचारील. दर्जा महत्त्वाचा आहेच, पण तो बिघडतो फाइलमध्ये आणि तारेत. सीडीच्या दर्जाची फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते. म्हणजे पाच मिनिटांची सहाशे गाणी ३२ जीबीच्या कार्डावर मावतात. जागेसाठी फाइल दाबून बारीक करण्याचे कारणच उरलेले नाही. फाइल पट्टी बदलतानाही बिघडते: काळी एकचा ट्रॅक ऐनवेळी काळी चारला ओढला, तर ढोलकीचा आवाज पत्र्यासारखा येऊ लागतो. आपल्या पट्टीतला ट्रॅक आधीच तयार करून घ्यावा. तारेचा घोटाळा तर फार जणांना माहीतच नसतो. मोबाइलच्या स्टिरिओ पिनेतून निघालेली केबल दुसऱ्या टोकालाही स्टिरिओ पिन लावून मिक्सरच्या एकाच चॅनलमध्ये घातली, की मिक्सर तिला बॅलन्स्ड जोडणी समजतो आणि डाव्या बाजूतून उजवी वजा करतो. बास आणि ठेका सहसा दोन्ही बाजूंना सारखेच असतात, त्यामुळे तेच या वजाबाकीत नाहीसे होतात. मागे उरतो पोकळ, पातळ आवाज, आणि बोल मोबाइलला लागतो. डावी-उजवी बाजू दोन वेगळ्या चॅनलांत नेणारी केबल किंवा प्लेअरचा आवाज मिक्सरला जुळेल असा करून देणारा स्टिरिओ डीआय बॉक्स लावला, तर त्याच मोबाइलचा आवाज भरदार होतो.

लॅपटॉपचे समर्थक म्हणतील, की ड्रमवाल्याच्या कानात ठेक्याची टिकटिक वेगळी पाठवायची तर साधा प्लेअर अपुरा पडतो. खरे आहे, जिवंत वादक ट्रॅकबरोबर वाजणार असतील तर अनेक आउटपुट लागतात. पण मोठ्या दौऱ्यांवर असे काम सहसा दोन संगणकांवर चालते. पहिला संगणक गाण्याबरोबर एक अखंड संकेतध्वनी पाठवत असतो. तो तुटला, की दोन्ही संगणकांना जोडलेला स्विचर आपणहून दुसऱ्यावर जातो. व्यावसायिकही एकाच महागड्या यंत्रावर विसंबत नाहीत, ही यातली खरी शिकवण.

एकट्या गायकाने तीच शिकवण स्वस्तात अमलात आणावी. सारख्याच क्रमाने सारखीच गाणी भरलेले दोन साधे प्लेअर घ्यावेत, ते मिक्सरच्या वेगवेगळ्या चॅनलांवर लावावेत आणि दुसऱ्याचा आवाज खाली ठेवावा. हजारांत किंमत असलेल्या एका उत्तम यंत्रापेक्षा दोन सामान्य यंत्रे, एक डीआय बॉक्स आणि दोन चांगल्या केबल हा खर्च जास्त शहाणपणाचा आहे. घेण्याआधी घरीच एक परीक्षा करावी: गाणे चालू असताना वायर उपसायची आणि साथ परत यायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. जी जोडणी या परीक्षेत लवकर सावरते, तीच घ्यावी.