जालना जिल्ह्यातील बेरोजगारी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांतील तालुके वेगळे काढून 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. 2011 च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे 19 लाख 59 हजार असून दर पाच रहिवाशांपैकी चार ग्रामीण भागात राहतात. बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांमुळे जालना शहराचे नाव देशभर पोहोचले, आणि त्याच जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी गाव सोडतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्यामुळे येथील रोजगाराविषयी अनेक अर्धवट समजुती रूढ झाल्या आहेत. जिल्ह्यात कामच नाही, असे म्हणता येत नाही; मात्र वर्षभर पुरणारे, घराजवळ मिळणारे आणि कुटुंब उभे राहील इतकी मिळकत देणारे काम अपुरे आहे, आणि हा भेद लक्षात न घेतल्यामुळेच पुढील गैरसमज टिकून राहतात.

गैरसमज 1 : बेरोजगारीचा दर कमी, म्हणजे काम मुबलक

देशातील रोजगाराचे अधिकृत मोजमाप 2017 पासून ‘नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणा’तून होते. 2023-24 मध्ये 15 वर्षे व त्यावरील वयोगटासाठी देशाचा बेरोजगारीचा दर 3.2 टक्के होता. हा आकडा ‘नेहमीच्या स्थिती’वर आधारलेला असतो आणि त्यात मुख्य कामाबरोबर दुय्यम कामही धरले जाते, त्यामुळे ज्या व्यक्तीने वर्षभरात दुय्यम काम म्हणून 30 दिवस काही केले असेल, तीही रोजगारप्राप्त ठरते. ‘साप्ताहिक स्थिती’नुसार तर मागील सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी एक तास काम केले असले, तरी व्यक्ती बेरोजगारांत मोजली जात नाही. शिवाय त्याच वर्षी देशातील काम करणाऱ्यांपैकी 58.4 टक्के स्वयंरोजगारात होते आणि घरच्या शेतीत वा व्यवसायात विनावेतन मदत करणाऱ्यांचे 19.4 टक्के इतके मोठे प्रमाण त्यातच सामावलेले होते.

कापूस आणि सोयाबीनवर जगणाऱ्या कोरडवाहू शेतात दोघांचे काम चौघे करत असतील, तर चौघेही कामात आहेत अशी नोंद होते. अर्थशास्त्रात या अवस्थेला छुपी बेरोजगारी म्हणतात. जालन्यासारख्या जिल्ह्यात बेरोजगारीपेक्षा ही अपुरी रोजगारीच मोठी आहे आणि नेमकी तीच दरात दिसत नाही. हे सर्वेक्षण मुळात देशाचे आणि राज्यांचे चित्र देण्यासाठी रचलेले होते; नमुना निवडताना जिल्हा हा मूलभूत घटक मानण्याची पद्धत 2025 पासून सुरू झाली, म्हणून राज्याचा दर जिल्ह्याला सरसकट लावणेही चुकीचे ठरते.

गैरसमज 2 : रोजगार केंद्रातील नोंदणी म्हणजे बेरोजगारांची संख्या

जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडील नोंदणी ऐच्छिक असते. नोकरीत असलेली व्यक्ती अधिक चांगल्या संधीसाठी नाव नोंदवू शकते आणि काम मिळालेली व्यक्ती नाव काढून घेतेच असे नाही. उलट शेतमजूर किंवा ऊसतोड कामगार तेथे क्वचितच पोहोचतो. रिक्त पदांच्या सक्तीच्या अधिसूचनेचा 1959 चा कायदा मालकांना रिक्त जागा कळवण्यास बांधील करत असे, पण त्या जागा केंद्रामार्फतच भराव्यात अशी सक्ती त्यानेही केली नव्हती. त्यामुळे ही नोंदणी प्रामुख्याने शिकलेल्यांची नोकरीची आकांक्षा दाखवते आणि जिल्ह्यातील बेकारीचे मोजमाप म्हणून ती वापरता येत नाही.

गैरसमज 3 : पोलादाचे कारखाने आहेत, म्हणजे स्थानिकांना रोजगार आपोआप मिळतो

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार विद्युत भट्ट्यांत वितळवून त्याचे बिलेट, म्हणजे पोलादाचे ठोकळे, ओतले जातात आणि रोलिंग मिलमध्ये त्यांची बांधकामाची सळई तयार होते. या उद्योगात मोठा खर्च वीज, भंगार आणि यंत्रसामग्री यांवर होतो, त्यामुळे गुंतवणुकीच्या मानाने निर्माण होणाऱ्या नोकऱ्या थोड्या असतात. भट्टीजवळचे कष्टाचे आणि जोखमीचे काम बहुधा ठेकेदारांमार्फत होते आणि त्यासाठी मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार अशा राज्यांतून मजुरांच्या टोळ्या येतात. पेरणीला किंवा कापूस वेचणीला गावी जावे लागणाऱ्या स्थानिक माणसापेक्षा कारखान्याजवळच राहणारा परप्रांतीय मजूर ठेकेदाराला सोयीचा वाटतो.

या रोजगाराची असुरक्षितता टाळेबंदीच्या काळात साऱ्या देशासमोर आली. 8 मे 2020 रोजी पहाटे करमाडजवळ रेल्वेमार्गावर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली मृत्युमुखी पडले. जालन्यातील पोलाद कारखान्यात काम करणारे हे मजूर मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे पायी निघाले होते. कारखान्यांची संख्या वाढणे आणि सुरक्षित रोजगार वाढणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे त्या घटनेने अत्यंत वेदनादायक रीतीने दाखवून दिले.

गैरसमज 4 : स्थानिकांना कष्ट नकोत

परप्रांतीय मजूर दिसले की हा निष्कर्ष काढला जातो, परंतु मंठा, परतूर यांसारख्या तालुक्यांतून होणारे स्थलांतर तो पूर्णपणे खोटा ठरवते. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन नवरा-बायकोची जोडी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जाते. या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात आणि मजुरी ठरते ती तोडलेल्या उसाच्या वजनावर. पहाटेपूर्वी सुरू होणारे हे काम मार्च-एप्रिलपर्यंत चालते आणि या काळात मुलांची शाळा तुटते, स्त्रियांच्या आरोग्याची हेळसांड होते. इतके कष्ट उपसणाऱ्या कुटुंबांना कामचुकार म्हणणे हा उघड अन्याय आहे. त्यांना ऊसतोडीकडे ओढते ती एकरकमी मिळणारी उचल आणि गावातून बाहेर लोटते ती खरीप उरकल्यानंतर पाण्याअभावी थांबणारी शेती.

गैरसमज 5 : शेतीत आता रोजगार उरलेला नाही

शेतीतील रोजगार पाण्याच्या आणि पिकांच्या निवडीप्रमाणे बदलतो. 2012-13 च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता आणि मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. त्याच जिल्ह्यातील कडवंची गावाने पाणलोट विकास आणि शेततळ्यांच्या आधारे द्राक्षशेती टिकवली, आणि द्राक्षाची छाटणी, विरळणी, काढणी यांमुळे गावातच मजुरीचे दिवस वाढले.

बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात ‘महिको’ची स्थापना केली आणि त्यांच्या कार्यासाठी 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यातून रुजलेल्या संकरित बियाणे उत्पादनात फुलातील पुंकेसर हाताने काढून परागीकरण करावे लागते, म्हणून या शेतांना कुशल हातांची, विशेषतः स्त्रियांच्या, मोठी गरज असते. रेशीमशेतीत तुतीची लागवड एकदा झाली की वर्षातून अनेक वेळा कोषांचे पीक घेता येते. कोष विकण्यासाठी कर्नाटकातील रामनगरला जावे लागणाऱ्या शेतकऱ्यांसाठी 2018 मध्ये जालन्यातच कोष खरेदीची बाजारपेठ सुरू झाली. मात्र बियाण्यांचे कामही हंगामीच असते आणि मजुरीचे दर व सामाजिक सुरक्षा हे प्रश्न तेथेही उभे आहेत.

गैरसमज 6 : शिक्षण वाढले की बेरोजगारी आपोआप घटते

2023-24 मध्ये देशातील 15 ते 29 वयोगटातील बेरोजगारीचा दर 10.2 टक्के, म्हणजे सर्वसाधारण दराच्या तिपटीहून अधिक होता, आणि निरक्षरांपेक्षा शिकलेल्यांमध्ये बेरोजगारी कितीतरी जास्त आढळते. निरक्षर मजुराला बेकार राहणे परवडत नसल्यामुळे तो मिळेल ते काम स्वीकारतो. पदवीधर तरुण मात्र शिक्षणाला साजेशा नोकरीची वाट पाहत स्पर्धा परीक्षांच्या तयारीत वर्षे घालवतो. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथून 2023 मध्ये राज्यभर पसरलेल्या मराठा आरक्षण आंदोलनाच्या केंद्रस्थानी शिक्षण आणि सरकारी नोकऱ्या यांतील वाटा होता. वारसाहक्काने तुकड्या-तुकड्यांत विभागली जाणारी शेती आणि खासगी क्षेत्रातील बेभरवशाचे काम यांच्यामध्ये उभ्या असलेल्या तरुणांना सरकारी नोकरी हीच एकमेव सुरक्षित वाट वाटते, ही बाब कोणत्याही बाजूच्या समर्थकाने गांभीर्याने घ्यावी अशी आहे.

गैरसमज 7 : रस्ते आणि बंदर आले की रोजगार येतो

2015 मध्ये जालन्यात ड्राय पोर्टची, म्हणजे समुद्रापासून दूर राहून कंटेनरची हाताळणी आणि सीमाशुल्काची प्रक्रिया करणाऱ्या केंद्राची, पायाभरणी झाली. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा जिल्ह्यातून जाणारा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि 30 डिसेंबर 2023 पासून मुंबईसाठी वंदे भारत रेल्वे धावू लागली. या सुविधा आवश्यकच आहेत, परंतु ज्या रस्त्याने उद्योग येऊ शकतो, त्याच रस्त्याने कच्चा माल आणि तरुण मनुष्यबळ बाहेरही जाते. मोसंबीची प्रतवारी व प्रक्रिया, शीतगृहे, कापसावरील पुढील प्रक्रिया आणि यंत्रांची देखभाल करणारे प्रशिक्षित तंत्रज्ञ यांची जोड मिळाली, तरच दळणवळणाचे रूपांतर स्थानिक रोजगारात होते.

धोरणासाठी निघणारा निष्कर्ष

बेरोजगारीचा एकच दर सांगून जालन्याची अवस्था कळत नाही. कोणत्या तालुक्यात, वर्षाच्या कोणत्या महिन्यांत, किती दिवस आणि किती मजुरीवर काम मिळते, आणि त्यासाठी किती दूर जावे लागते, याची नोंद हवी. मागेल त्याला काम देण्याचे तत्त्व 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या रूपाने ज्या महाराष्ट्राने राबवले आणि 1977 मध्ये त्यासाठी कायदा केला, त्या राज्याला अशी नोंद ठेवणे अवघड नाही. ऊसतोडीला गाव रिकामे होण्यापूर्वी जलसंधारणाची कामे सुरू करणे, ठेकेदारीतील मजुरांना कायद्याचे संरक्षण प्रत्यक्ष देणे आणि प्रशिक्षण संस्थांचे अभ्यासक्रम येथील भट्ट्या, बियाणे कंपन्या व रेशीम यांच्या गरजांशी जोडणे, ही तीन कामे त्या नोंदीच्या आधारे तालुकावार ठरवली, तर जिल्ह्यातील माणसांना आपल्या कष्टाचे मोल आपल्याच गावात मिळण्याची शक्यता निश्चितपणे वाढेल.