गल्लीचे गटार, शासनाचा नाला

गरीब वस्तीत नळ आला, तरी सांडपाण्याचा निचरा होत नसेल तर रोगराई हटत नाही. हा निचरा टिकाऊ कसा होतो, हे कराचीतील ओरंगी वस्तीच्या उदाहरणावरून आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

अख्तर हमीद खान यांनी १९८० साली तेथे प्रकल्प सुरू केला, तेव्हा मैला गल्ल्यांतून वाहत होता. त्यांच्या प्रकल्पाने कामाची वाटणी केली. घरातील शौचालय, गल्लीतील गटार व त्यापुढील जोडवाहिनी रहिवाशांनी स्वखर्चाने बांधावी. मुख्य वाहिनी व शुद्धीकरण केंद्र शासनाने उभारावे. वीस-तीस घरांची गल्ली एकत्र येई, आपल्यातूनच प्रमुख निवडी आणि वर्गणी जमवी. प्रकल्पाने आराखडे व मार्गदर्शन दिले, पैसा दिला नाही. रचना सोपी केल्याने व कंत्राटदार वगळल्याने खर्च आवाक्यात आला.

ज्याने पैसा व श्रम घातले, तो गटार तुंबू देत नाही. परंतु शासनाचा वाटा अपुरा राहिला, तर तोच मैला नाल्यावाटे समुद्रास मिळतो. नाल्यांचे व वस्त्यांचे नकाशे करून शासनाला त्याच्या वाट्याची जाणीव देणाऱ्या प्रकल्पप्रमुख परवीन रहमान यांची १३ मार्च २०१३ रोजी हत्या झाली. लोकसहभाग म्हणजे शासनाची जबाबदारीतून सुटका नव्हे, हाच ओरंगीचा धडा आहे.