‘नेट गेलं’ म्हणजे नेमकं काय गेलं?

आषाढातली संध्याकाळ होती. खानापूर तालुक्यातून बहिणीचा फोन आला. भाचीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची ती शेवटची रात्र, आणि ‘नेट गेलं’ होते! फोनवरचे बोलणे कसेबसे ऐकू येत होते; मोबाइलचा डेटा मात्र त्या पावसात हलायला तयार नव्हता. राउटर तीनदा बंद-चालू करून झाला होता. जोडणी देणाऱ्यांचा फोन कुणी उचलत नव्हते. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला.

भाची त्याच वेळी नेटवर्किंगचा क्लास करत होती. आठच दिवसांपूर्वी तिने मला नेटवर्कचे सात थर घडाघडा म्हणून दाखवले होते. मी म्हटले, “ते सात थर येतात ना तुला? मग खालून एकेक पायरी चढू या.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, “मामा, ते परीक्षेसाठी पाठ केलंय. ते इथं कुठं लावायचं?”

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. बारावी किंवा पदवीनंतर आयटीत पहिले पाऊल टाकण्यासाठी अनेक मुले नेटवर्किंगचे प्रमाणपत्र घेतात. आईवडील पोटाला चिमटा काढून फी भरतात. पण ते ज्ञान आपल्याच घरातल्या राउटरला लावता येत नसेल, तर नोकरीच्या जागी कसे लावणार? खरे तर पायाभूत नेटवर्किंगमध्ये मूळ कल्पना मोजक्याच आहेत, आणि त्या आपल्या ओळखीच्याच आहेत.

आधी पत्ता

पिन कोड आपण रोज लिहितो. भारतात तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी. बेळगावचा ५९०००१ घ्या. पहिला ५ हा विभागाचा. पहिले तीन आकडे मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा, आणि शेवटचे तीन त्या टपाल कचेरीचे. कोल्हापूरचा पिन ४ ने सुरू होतो. त्यामुळे पाकीट कुठल्या दिशेला टाकायचे, हे पूर्ण पत्ता न वाचताही कळते.

आयपी पत्त्याची रीतही हीच. घरातल्या लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.२४ असा काहीसा असतो. त्याच्या जोडीला २५५.२५५.२५५.० असा सबनेट मास्क असतो. तो सांगतो की, पहिले तीन आकडे नेटवर्कचे आणि शेवटचा त्या यंत्राचा. समोरचे यंत्र आपल्याच नेटवर्कमधले असेल, तर निरोप थेट जातो. बाहेरचे असेल, तर तो आधी वेशीवर जातो. ही वेस म्हणजे गेटवे, म्हणजे घरातला राउटर.

आता गंमत पाहा. हाच १९२.१६८.१.२४ निपाणीतल्या एखाद्या घरातही असू शकतो. कारण हे पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. आयपीची जुनी पद्धत ३२ बिटांची. तिच्यात एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते बसतात. ते जगाला पुरेनात, म्हणून घरातली सगळी यंत्रे बाहेर एकाच पत्त्याने दिसावीत अशी सोय राउटर करतो. तिला नॅट म्हणतात. जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडे, पण पाकिटावर घर नंबर एकच. आत कुणाचे कोणते पत्र, हे दारातला माणूस पाहतो, तसेच हे. पुढची १२८ बिटांची पद्धत म्हणजे आयपीव्ही६. तिच्यात पत्त्यांची ददात नाही.

मग बोली

खडेबाजारात दुकानदार विचारतो, ‘एष्टु बेकु?’ गिऱ्हाईक म्हणते, ‘अर्धा किलो द्या.’ व्यवहार पार पडतो, कारण दोघांनाही दोन्ही भाषा येतात. यंत्रांना एवढे सांभाळून घेता येत नाही. कोण आधी बोलणार, किती बोलणार, ऐकू आले नाही तर काय करायचे, हे सारे आधी ठरलेले लागते. या ठरावालाच प्रोटोकॉल म्हणतात. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी १९७४ साली अशा ठरावाची मांडणी केली. त्यातूनच टीसीपी/आयपी घडले, आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतले अर्पानेट हे जाळे त्यावर आले. आजचे इंटरनेट त्याच ठरावावर चालते.

टीसीपीची सुरुवात फोनसारखी असते. ‘ऐकू येतंय का?’ ‘हो, येतंय. माझं येतंय का?’ ‘येतंय.’ या तीन वाक्यांनंतर खरे बोलणे सुरू होते, आणि वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा पाठवला जातो. यूडीपी एवढे थांबत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये एखादा शब्द गेला तर गेला. तो दोन सेकंदांनी पुन्हा ऐकून उपयोग काय?

आणि नावांची वही

माणसाला नावे लक्षात राहतात, यंत्राला आकडे लागतात. नाव सांगितले की आकडा काढून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. पॉल मोकापेट्रिस यांनी ती १९८३ साली आखली. घरातल्या फोनच्या वहीसारखीच ही वही, फक्त जगभर वाटून ठेवलेली.

त्या रात्री काय झाले

एवढ्या शिदोरीवर आम्ही पायऱ्या चढू लागलो. पहिली पायरी तारेची. राउटरचे दिवे नेहमीसारखे होते, लाल दिवा नव्हता. दुसरी पायरी पत्त्याची. भाचीने ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली. पत्ता आला १९२.१६८.१.२४. तो १६९.२५४ ने सुरू झाला असता, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही असे समजलो असतो. तिसरी पायरी वेशीची. १९२.१६८.१.१ ला ‘पिंग’ केले. राउटरने उत्तर दिले. चौथी पायरी वेशीबाहेरची. ८.८.८.८ ला पिंग केले. तिथूनही उत्तर आले!

“मामा, म्हणजे नेट चालू आहे!” ती ओरडली.

पाचवी पायरी नावाची. ‘एनएसलुकअप’ लिहून अर्जाच्या संकेतस्थळाचे नाव दिले. उत्तर नाही. नेट गेलेच नव्हते. नावांची वही तेवढी मिळत नव्हती. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ लिहिले आणि पान उघडले. पावणेअकराला अर्ज भरून झाला.

प्रमाणपत्र घेताना

आता थोडे पालकांसाठी. कॉम्पटियाची नेटवर्क प्लस आणि सिस्कोची सीसीएसटी नेटवर्किंग या सुरुवातीच्या परीक्षा आहेत. सिस्कोची सीसीएनए त्यापुढची पायरी. मायक्रोसॉफ्टची एमटीए परीक्षा २०२२ साली बंद झाली. एखाद्या क्लासच्या जुन्या फलकावर ती दिसली, तर आधी चौकशी करा.

नेटवर्क प्लसच्या २०२४ साली आलेल्या अभ्यासक्रमात ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात. १०० ते ९०० च्या मापावर ७२० गुण मिळाले की उत्तीर्ण. या अभ्यासक्रमात सर्वांत मोठा वाटा, २४ टक्के, बिघाड शोधण्याचा आहे. त्यापाठोपाठ २३ टक्के मूळ कल्पनांचा. म्हणजे आम्ही त्या रात्री जे केले, त्यालाच परीक्षेत सर्वाधिक वजन.

म्हणून ‘हमखास प्रश्नां’चे गठ्ठे विकत घेऊ नका. ते नियमाबाहेर आहेत, त्यापायी मिळालेले प्रमाणपत्रही रद्द होऊ शकते. सिस्कोचे पॅकेट ट्रेसर फुकट मिळते; त्यात खोटे राउटर जोडून खरा सराव करता येतो. आणि खरा राउटर तर घरातच आहे. महिन्यातून एकदा मुलाला किंवा मुलीला म्हणा, “आपलं नेट कसं चालतं, ते आजीला समजावून सांग.” मराठीत सांगा, कानडीत सांगा. आजीला कळले, तर त्यालाही कळले असे समजा.

बिघाड शोधण्याच्या सात पायऱ्या त्या परीक्षेत विचारतात. त्यांतली शेवटची म्हणजे जे केले ते लिहून ठेवणे. भाचीने त्याच रात्री आमच्या पाच पायऱ्या वहीच्या पानावर लिहिल्या आणि ते पान राउटरशेजारी भिंतीला चिकटवले. परवा बहिणीचा फोन आला. म्हणाली, “नेट गेलं होतं. तिसऱ्या पायरीवर सापडलं. पोरगी घरात नव्हती, मीच बघितलं.”