विकत आणलेला पेशवा

पुण्यात ‘पेशवा’ म्हटलं की शनिवारवाडा आठवतो. पण हे पद पुण्याच्या पेशव्यांपेक्षा कितीतरी जुनं. अहमदनगरच्या निजामशाहीतही पेशवा असे. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं मिळाली, त्याच्या शंभर वर्षं आधी निजामशाहीचा सारा कारभार ज्या पेशव्याच्या हाती होता, तो इथिओपियातला होता. पोरवयात विकला गेलेला, हातोहात फिरून दख्खनमध्ये पोचलेला गुलाम. त्याचं नाव मलिक अंबर.

पुणे परगणा तेव्हा निजामशाहीच्या मुलखात होता. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी भोसले यांना पुणे-सुप्याची जहागीर निजामशाहीनंच दिली होती. पुण्यापासून नव्वदेक किलोमीटरवरचं जुन्नर १६०७च्या सुमारास काही काळ या राज्याची राजधानी होतं. अंबरनं गावोगावच्या जमिनीची प्रत पाहून ठरवलेला सारा ‘मलिकंबरी धारा’ म्हणून पुढच्या पिढ्यांनी आधाराला घेतला. खडकी हे नवं शहर त्यानं १६१० मध्ये वसवलं. तेच पुढे औरंगाबाद झालं आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला त्यानं तलावाचं पाणी सोडून मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांची दाणादाण उडवली. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथंच कामी आले. बादशहा जहांगीरला या माणसाचा इतका राग होता की त्यानं एक चित्र काढून घेतलं. पृथ्वीच्या गोलावर उभा राहून तो भाल्याच्या टोकावरच्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे, असं ते चित्र. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात ते मुंडकं जहांगीरला कधी मिळालं नाही. अंबर १६२६ मध्ये ऐंशीच्या घरात असताना आपल्या मरणानं गेला आणि खुलताबादला त्याची कबर बांधली गेली.

बाजारात ज्याची किंमत ठरली, तोच माणूस सुलतानाला गादीवर बसवतो आणि आपली मुलगी त्याला देतो, हे घडलं कसं? त्याचं शौर्य आणि अक्कल तर होतीच. पण तेवढ्यानं भागत नाही. अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यावरही शूर आणि अक्कलवान गुलाम होते, त्यातला कुणी व्हर्जिनियाचा गव्हर्नर झाला नाही. या कोड्याचं अर्धं उत्तर इस्लामी कायद्यात आहे, आणि तो वाचताना एकाच वेळी कौतुकही वाटतं आणि अंगावर काटाही येतो.

काटा येण्याचं कारण आधी सांगतो, म्हणजे पुढचं कौतुक भोळं वाटणार नाही. कुराणानं गुलामगिरी बंद केली नाही. सातव्या शतकातल्या अरबस्तानात ती होती, तशी रोम, इराण आणि भारतातही होती. कुराणानं ती गृहीत धरली. गुलाम ही मालमत्ताच राहिली. विकता येई, वारसाहक्कानं पुढे जाई. गुलाम बाईशी मालकानं संबंध ठेवायला धर्मशास्त्राची मुभा होती आणि तिची संमती विचारण्याचा प्रश्नच येत नव्हता. हे झाकून ठेवून या विषयावर काही लिहिणं अप्रामाणिक ठरेल.

पण त्याच ग्रंथात सुटकेच्या वाटा किती आहेत पाहा. जकात, म्हणजे सक्तीचं दान, कशावर खर्चायचं याच्या आठ बाबी कुराणात दिल्या आहेत. त्यातली एक गुलामांची मुक्तता. चुकून कुणाचा जीव गेला तर प्रायश्चित्त काय? भरपाई द्या आणि एक गुलाम मुक्त करा. शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवू घाला, नाहीतर कपडे द्या, नाहीतर एक गुलाम सोडा. जुन्या अरबांत बायकोला टाकण्याची एक दुष्ट रीत होती. नवरा म्हणे, तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी आहेस. असं बोललेल्या माणसाला बायकोजवळ पुन्हा जाण्याआधी एक गुलाम मुक्त करावा लागे. ते जमत नसेल तर सलग दोन महिने रोजे, तेही झेपत नसतील तर साठ गरिबांना जेवण. नवऱ्याच्या जिभेची चूक आणि त्यातून भलत्याच कुणाची तरी सुटका! प्रायश्चित्ताचा असा उपयोग करण्याची कल्पना ज्या समाजाला पहिल्यांदा ऐकवली गेली, तिथं ती किती नवलाची वाटली असेल.

गुलामाला थप्पड मारली तर त्याला मुक्त करणं हेच त्याचं प्रायश्चित्त, असं एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचन-आचरणाच्या परंपरागत नोंदीत, आहे. दुसऱ्या एका हदीसमध्ये पैगंबर सांगतात की गुलाम हे तुमचे भाऊ आहेत, स्वतः खाता ते त्यांना खायला द्या, स्वतः नेसता ते नेसायला द्या, आणि झेपणार नाही असं काम लादू नका. मदिनेत नमाजाची पहिली बांग देणारे बिलाल हे अंबरसारखेच हबशी, म्हणजे इथिओपियन वंशाचे आणि एकेकाळचे गुलाम. छळ करणाऱ्या मालकाकडून त्यांना पैगंबरांचे सहकारी अबू बक्र यांनी विकत घेऊन मुक्त केलं होतं.

सगळ्यांत विलक्षण वाट कराराची. गुलामानं मालकाकडे लेखी करार मागायचा: इतकी रक्कम इतक्या हप्त्यांत फेडीन, मग मी मोकळा. गुलामात चांगुलपणा दिसत असेल तर असा करार करून द्या, वर त्याला पैशाची मदतही करा, असं कुराणाच्या ‘नूर’ या सूरहमध्ये, म्हणजे अध्यायात, सांगितलं आहे. बरीरा नावाच्या एका गुलाम बाईची कथा हदीसमध्ये येते. तिचा करार चांदीच्या नऊ उकियांचा होता, दर वर्षी एक. एका उकियात चाळीस दिरहम. मदत मागायला ती पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्याकडे गेली. त्यांनी सगळी रक्कम एकदम मोजून तिला विकत घेतलं आणि मोकळं केलं.

गोष्ट इथं संपत नाही. बरीराचा नवरा मुगीस अजून गुलामच होता. मुक्त झालेल्या बाईला गुलाम नवऱ्याबरोबर राहायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क होता. बरीरानं नाही म्हटलं. मुगीस मदिनेच्या रस्त्यांतून तिच्या मागे मागे रडत फिरे आणि अश्रू दाढीवर ओघळत. पैगंबरांना त्याची दया आली. त्यांनी बरीराला विचारलं, परत जाशील का? तिनं उलट विचारलं, ही आज्ञा आहे का? ते म्हणाले, आज्ञा नाही, मी फक्त रदबदली करतो आहे. मग मला त्याची गरज नाही, असं सांगून ती मोकळी झाली. कालपर्यंत जिची किंमत चांदीत मोजली जात होती ती बाई साक्षात पैगंबरांची रदबदली नाकारते, आणि तो नकार मान्य होतो. चौदाशे वर्षांपूर्वीची ही हकिकत आहे. मी ती वाचतो तेव्हा प्रत्येक वेळी तिच्या त्या एका प्रश्नापाशी थांबतो.

गुलाम बाईला मालकापासून मूल झालं तर पुढच्या धर्मशास्त्रानं आणखी एक नियम बसवला. मूल जन्मतःच स्वतंत्र, बापाचा वारस. आई यापुढे विकता येणार नाही, आणि मालक मेला की ती आपोआप मुक्त. याच्याशेजारी व्हर्जिनियाचा १६६२चा कायदा ठेवून पाहा. तिथं मूल आईच्या दर्जाचं ठरलं. म्हणजे गोऱ्या मालकाचं मूल गुलाम बाईच्या पोटी आलं तर तेही गुलाम, आणि बाप त्याला विकू शके.

गुलामीतून सुटलेल्याला कायद्यानं मोठी पदंही वर्ज्य नव्हती. मात्र सुटल्याचा पुरावा हवा. प्रवासी इब्न बतूतानं दिल्लीच्या इल्तुतमिशची एक गोष्ट सांगितली आहे. हा मूळचा कुतबुद्दीन ऐबकचा गुलाम. तो गादीवर आल्यावर काझी आणि धर्मशास्त्री दरबारात येऊन गप्प बसले. गुलाम सुलतान कसा होऊ शकतो, हा त्यांचा न विचारलेला प्रश्न. इल्तुतमिशनं ओळखलं, आपल्या बैठकीच्या गालिच्याचा कोपरा उचलला आणि खालून स्वतःचं मुक्तिपत्र काढून दाखवलं. ते वाचून सगळ्यांनी त्याला सुलतान मानलं. सत्ता तलवारीनं मिळाली होती, तरी तो कागद त्यानं हाताशी ठेवलाच होता.

अंबरचं आयुष्य या चौकटीत बसवून पाहा. जन्म १५४८च्या सुमाराचा. येमेनमधल्या मोख्याच्या बाजारात त्याचा सौदा झाल्याचं डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रोक यानं नोंदवून ठेवलं आहे. १६१७ मध्ये तो अंबरला प्रत्यक्ष भेटला होता. पुढे बगदादच्या मीर कासिमनं त्याला शिकवलं, अंबर हे नाव दिलं आणि दख्खनमध्ये आणून विकलं. घेणारा चंगेजखान हा निजामशाहीचा पेशवा. तोही हबशी, आणि तोही एकेकाळचा गुलाम. त्याच्या पदरी हजारभर हबशी गुलाम होते. म्हणजे कोवळ्या अंबरनं आपल्यासारखाच एक विकला गेलेला माणूस राज्य चालवताना समोर पाहिला. १५७५च्या आसपास चंगेजखान मेला आणि त्याच्या विधवेनं अंबरला मुक्त केलं. त्यानं लग्न केलं, विजापूरची चाकरी केली, ‘मलिक’ किताब मिळवला, आणि १५९५च्या सुमारास दीडशे घोडेस्वार घेऊन निजामशाहीत परतला. पुढची तीस वर्षं दख्खनच्या इतिहासात सगळीकडे त्याची छाप आहे.

आता पुन्हा काट्याकडे. इस्लामी कायद्याप्रमाणे गुलाम दोनच तऱ्हांनी होतो: धर्मयुद्धात पकडलेला, किंवा गुलामाच्या पोटी जन्मलेला. पोर चोरून आणणं किंवा भुकेपायी आईबापांकडून विकत घेणं यात बसत नाही. तरी मोख्याच्या बाजारात अंबरसारखी पोरं येतच राहिली. टिंबक्टूच्या अहमद बाबा या शास्त्र्यानं याच काळात, १६१५च्या सुमारास, बजावलं होतं की काळा रंग हे गुलामीचं कारण होऊ शकत नाही, आणि स्वतंत्र मुसलमान पकडून विकणं हराम आहे. युद्धातला काफिर कैदी मात्र त्यानंही वैध मानला. त्याची दृष्टी तिथपर्यंतच पोचली.

आणि या दयाळू नियमांचा एक भयंकर परिणाम झाला, जो कुराणात कुणी लिहिला नव्हता. गुलाम मुक्त होत, त्यांची मुलं स्वतंत्र जन्मत, एका पिढीत ती समाजात मिसळून जात. दख्खनचा हा एका पिढीचा हिशोब इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी नीट उलगडला आहे. पण सरदारांना फौजेसाठी, वाड्यासाठी गुलाम हवेच असत. तळाला भोक असलेला हौद जसा सतत भरत राहावा लागतो, तसं मग आफ्रिकेतून नवी पोरं आणावी लागत. इथं एकाची सुटका होई आणि तिकडे इथिओपियाच्या डोंगरात दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून पोर उचललं जाई. अंबरबद्दलचं माझं कौतुक इथं आल्यावर अडखळतं. तो एक वर आला. त्याच बाजारातून विकल्या गेलेल्या ज्या मुली माजघरात संपल्या, त्यांच्यासाठी कुठल्याही चित्रकारानं कुंचला उचलला नाही.

हे वाचून कुणी हिंदू वाचकानं मान ताठ करू नये. नारदस्मृतीत पंधरा प्रकारचे दास मोजले आहेत. तिच्यात सुटकेचा विधीही आहे आणि तो सुंदर आहे: मालकानं दासाच्या खांद्यावरचा घडा घेऊन फोडायचा, त्याच्या डोक्यावर अक्षता-फुलं घातलेलं पाणी शिंपडायचं, आणि तू आता दास नाहीस असं तीनदा सांगायचं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं प्रसिद्ध केलेल्या पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात दासप्रथेचा हा सगळा ऊहापोह आहे. पण स्मृतीतला तो घडा बाजूला ठेवून खुद्द पेशव्यांच्या पुण्याकडे पाहिलं तर चित्र काही वेगळं नव्हतं. पेशवे दप्तरात कुणबिणींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी सापडतात. व्यभिचाराचा आरोप शाबीत झालेल्या बाईला सरकारजमा करून कुणबीण केलं जाई आणि कोठ्यांत, किल्ल्यांवर, कारखान्यांत राबवलं जाई. सुटका हवी तर बदली दुसरी कुणबीण द्यावी लागे, असंही घडे. इंग्रजांच्या १८४३च्या पाचव्या कायद्यानं गुलामावरचा मालकी हक्क न्यायालयांनी मानायचं बंद केलं, आणि १८६०च्या दंडसंहितेनं गुलामांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली.

पुण्यातूनच यावर सगळ्यांत जळजळीत बोललं गेलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढलं आणि ते अर्पण केलं ते निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. याच जोतीरावांनी ‘मानव महंमद’ या नावानं पैगंबरांचा गौरव करणारं काव्यही लिहिलं आहे. गुलामीचा त्यांच्याइतका तिटकारा असलेल्या माणसाला पैगंबरांच्या शिकवणीत समतेचं काही दिसलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

माझं मत विचाराल तर, कुराणानं सुटकेची दिशा स्पष्ट दाखवली होती, पण त्या दिशेनं शेवटपर्यंत चालत जायला राज्यकर्त्यांनी आणि शास्त्र्यांनी बाराशे वर्षांहून अधिक लावली, आणि तो उशीर माफ करण्याजोगा नाही. ट्युनिसच्या बेनं, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्यानं, १८४६ मध्ये गुलामगिरी बंद केली. सौदी अरेबिया आणि मोख्याचं बंदर जिथं आहे त्या येमेननं १९६२ मध्ये. ओमाननं १९७० मध्ये. मॉरिटानियानं १९८१ मध्ये ती रद्द केली, पण गुलाम बाळगणं हा शिक्षापात्र गुन्हा ठरायला तिथं २००७ साल उजाडलं.