रेनडिअरचे रक्त काय सांगते?

मुलांनो, आपल्या मॉरिशसच्या रानात हरणे आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहे. १६३९ साली डच लोकांनी ती जावा बेटावरून येथे आणली. पण बर्फात राहणारे हरीण तुम्ही पाहिले आहे का? त्याचे नाव रेनडिअर.

युरोपच्या अगदी उत्तरेला नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड हे देश आहेत. तेथे सामी नावाचे लोक राहतात. त्यांच्यातील अनेक कुटुंबे रेनडिअर पाळतात. रेनडिअरच्या नराला शिंगे असतात, तशीच मादीलाही असतात. हिवाळ्यात हा प्राणी खुरांनी बर्फ उकरतो आणि खालचे दगडफूल खातो. उन्हाळ्यात कळप चरत चरत दूर जातो. कळपातले आपले जनावर ओळखता यावे, म्हणून मालक पाडसाच्या कानावर आपली खूण करतो.

उन्हाळ्यात गवतात आणि झुडपांत एक छोटा शत्रू लपलेला असतो. तो म्हणजे गोचीड. गोचीड ही कोळ्याच्या जातीची आहे. मोठ्या गोचिडीला आठ पाय असतात. ती उडत नाही, उड्याही मारत नाही. गवताच्या पात्यावर चढते, पुढचे पाय पसरते आणि वाट पाहते. प्राणी किंवा माणूस जवळून गेला, की त्याला चिकटते व रक्त पिते.

काही गोचिडींच्या अंगात विषाणू असतात. विषाणू इतके लहान असतात, की ते डोळ्यांनी दिसत नाहीत. गोचीड चावली, की ते माणसाच्या शरीरात शिरतात. काही माणसांना मग ताप येतो, डोके दुखते आणि मेंदूला सूज येते. हा विषाणू नष्ट करील असे औषध अजून नाही. पण रोग होऊ नये म्हणून लस आहे. म्हणूनच हा विषाणू कोठे आला आहे, हे आधी कळणे फार महत्त्वाचे आहे.

हे कळणार कसे? येथे रेनडिअर मदतीला येतो. विषाणू अंगात शिरला, तरी हरणांच्या जातीचे प्राणी बहुधा आजारी दिसत नाहीत. परंतु त्यांचे शरीर विषाणूशी लढते. लढण्यासाठी रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. लढाई संपली, तरी ती बराच काळ रक्तात राहतात.

कळप कुंपणात गोळा केला, की पशुवैद्य काही रेनडिअरचे थोडे थोडे रक्त घेतात. प्रत्येक नळीवर क्रमांक लिहितात. प्रयोगशाळेत त्या रक्ताची तपासणी होते. प्रतिपिंडे सापडली, तर त्या रेनडिअरची विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती, असे समजते.

पण ती कोठे पडली? कळप तर कितीतरी गावे फिरून आलेला असतो. मग मालकाला विचारतात, “तुमचा कळप उन्हाळ्यात कोठे चरत होता?” त्या जागी जाऊन गवतावरून पांढरे कापड ओढतात. कापडाला गोचिडी चिकटतात. त्यांचीही तपासणी करतात. पूर्वी फार थंडीमुळे उत्तरेकडे गोचिडी नव्हत्या. आता हवा उबदार होत आहे आणि गोचिडी उत्तरेकडे सरकत आहेत. म्हणून ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

भारतातही याच कुळातला एक विषाणू आहे. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली. माणसांनाही ताप येऊ लागला. हा रोग गोचिडींमुळेच पसरत होता. २०१६ साली तो महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्यातही आढळला. रानात मेलेले माकड दिसले, की तेथील लोक सावध होतात.

माकडाच्या मरणाने धोका कळतो. रेनडिअर मात्र जिवंत राहून तो सांगतो. त्याला बोलता येत नाही, पण त्याच्या थोड्याशा रक्ताने माणसे वेळीच लस घेऊ शकतात.

स्वाध्याय
१. गोचीड प्राण्याच्या अंगावर कशी जाते?
२. प्रतिपिंडे सापडली, तर काय समजते?
३. कळप कोठे चरला, हे मालकाला का विचारतात?