स्मिथ म्हणजे लोहारच का? : ब्रिटिश आणि आयरिश आडनावांविषयी

विशेषनामाला अर्थ असतो का, हा जुना प्रश्न आज आपण आडनावांच्या वाटेने घेऊ. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात त्याचे उत्तर जवळजवळ 'नाही' असे दिले. डार्टमथ हे गाव डार्ट नदीच्या मुखाशी, म्हणून ते नाव. पण उद्या वाळू साचून मुख बुजले, तरी गावाचे नाव बदलायला नको. वर्णन गळून पडते, खूण उरते.

इंग्लंडमधली आडनावे या कसोटीला उतरतात. १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतरच्या तीन-चार शतकांत ती रुजली. गावात चार जॉन असले की एक लोहार म्हणून स्मिथ, दुसरा रॉबर्टचा मुलगा म्हणून रॉबर्टसन. रॉबर्टला लाडाने हॉब किंवा डॉब म्हणत. तेव्हा हॉब्सन, डॉब्सन, हॉपकिन्स ही सगळी रॉबर्टचीच पिल्लावळ. धंद्यांच्या नावांत तर बोलींचा नकाशाच सापडतो. विणलेले लोकरी कापड ओले करून तुडवायचे, म्हणजे ते दाट होते. हे काम करणारा आग्नेय इंग्लंडात फुलर, नैर्ऋत्येला टकर आणि उत्तरेला वॉकर. वॉकर म्हणजे पायी फिरणारा नव्हे, बरं का!

गावावरून पडलेली आडनावे आपल्याला परकी वाटू नयेत. ज्याच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाशिवाय आमचे पान हलत नाही, त्या मोल्सवर्थचे आडनाव हे इंग्लंडमधल्या एका खेड्याचे नाव आहे. आपल्या 'कर'सारखेच. असे नाव बहुधा गाव सोडल्यावर पडते. नाशकातच राहणाऱ्याला नाशिककर म्हणून वेगळे कसे ओळखणार?

वेल्समध्ये 'अ‍ॅप' म्हणजे मुलगा. अ‍ॅप रीसचा झाला प्राइस, अ‍ॅप हाउएलचा पॉवेल. किंमत आणि सत्ता यांच्याशी दोघांचाही संबंध नाही.

मिलला खरी अडचण येते ती आयर्लंडात. तिथे वंशपरंपरेची आडनावे इंग्लंडच्याही आधीची. 'मॅक' म्हणजे मुलगा, 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज. १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत पडलेल्या ब्रायन बोरू राजाचे वंशज ते ओब्रायन. १४६५ साली एक कायदा झाला. डब्लिन आणि आसपासच्या इंग्रजी अमलाखालच्या भागात राहणाऱ्या आयरिश माणसाने इंग्रजी आडनाव घ्यावे. एखाद्या गावाचे, रंगाचे, कसबाचे नाहीतर हुद्द्याचे. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत आयरिश सत्ता मोडली, तसे 'ओ' आणि 'मॅक' लोकांनी आपणहूनही गाळले. काही नावांचे तर चक्क भाषांतर झाले. मॅगोवन म्हणजे लोहाराचा मुलगा, म्हणून तो स्मिथ. कॅव्हन परगण्यातले अनेक स्मिथ असे आहेत. कॉनरॉय या नावाच्या शेपटाचा उच्चार आयरिशमधल्या 'राजा' या शब्दासारखा वाटला, म्हणून गॉलवेकडचे काही कॉनरॉय 'किंग' झाले. भाषांतर, तेही चुकलेले!

आता विचार करा. नाव नुसती खूण असेल तर ते बदलायला कायदा कशाला लागतो? आणि खुणेचे भाषांतर कसे होते? डार्टमथचे कोणी भाषांतर करत नाही. मिलचा कैवारी म्हणेल, अहो, हा नावाचा अर्थ नव्हे, नावाला चिकटलेल्या भावना. आम्हाला हे पटत नाही. भावनेचे भाषांतर करता येत नाही. 'गोवन'चे झाले, कारण त्यातला लोहार ऐकणाऱ्याला कळत होता. यॉर्कशरचा स्मिथ आणि कॅव्हनचा स्मिथ यांची पाटी एकच. एकाच्या नावातून अर्थ आपोआप झिजला. दुसऱ्याच्या बाबतीत अर्थ तेवढा ठेवला आणि नाव काढून घेतले.

ते परत मागण्याची हाक १८९२ साली डब्लिनमधल्या एका व्याख्यानात डग्लस हाइड यांनी दिली. पुढच्याच वर्षी गेलिक लीग स्थापन झाली आणि पुष्कळांनी टाकलेला 'ओ' पुन्हा लावला. गंमत अशी की हाइड हे आडनाव स्वतः इंग्रजी. 'हाइड' हे जमिनीचे जुने माप, एका कुटुंबाला पुरेल इतके रान. हेच गृहस्थ १९३८ साली आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

आणखी एक राहिले. इंग्रजी नोंदींत ओब्रायनची मुलगीही ओब्रायनच, म्हणजे शब्दशः ब्रायनचा नातू! आयरिश भाषेत मात्र ती 'नी' लावते, आणि त्या घरात लग्न होऊन आलेली 'उई'. आयरिशमध्ये नाव लिहिणारी बाई लेक आहे की सून, हे तिच्या नावातला तो एवढासा शब्द आजही सांगतो.