थेंबातला अखंड उपसा

खिरीत घालायचे मनुके पाण्यात टाकले की टम्म फुगतात आणि कैरीच्या फोडींना मीठ चोळले की त्यांना पाणी सुटते. दोन्हींच्या मुळाशी एकच नियम आहे. पातळ पडद्यातून पाणी विरळ द्रवाकडून दाट द्रवाकडे जाते. शास्त्रात याला तर्षण म्हणतात. आता मनुक्याच्या जागी डबक्यात पोहणारा एकपेशी जीव आणा. आत क्षार, बाहेर गोडे पाणी. पाणी आत शिरणारच, आणि ते कोणी उपसले नाही तर हा बिचारा फुगून फुटणार. तरीही डबक्यांतून असले असंख्य जीव खुशाल नांदत असतात, ते कसे?

पॅरामेशियमचेच पाहा. लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास, आकार चपलेच्या तळव्यासारखा. त्याच्या अंगात पुढे एक व मागे एक असे दोन बुडबुडे दिसतात. भोवतालच्या किरणांसारख्या नळ्या पेशीतले पाणी गोळा करून त्यांत आणून सोडतात. बुडबुडा भरतो, आकसतो, पाणी बाहेर टाकतो आणि पुन्हा भरू लागतो. हा खेळ काही सेकंदांच्या अंतराने अहोरात्र चालू! सुमारे अर्ध्या तासात हा जीव स्वतःच्या आकारमानाइतके पाणी उपसून टाकतो. बुडबुड्याचे शास्त्रीय नाव संकोची रिक्तिका. आम्हा भाषेच्या माणसांना ते जरा खटकते. सदा भरत असणारीला रिक्तिका कसे म्हणावे?

इटलीच्या स्पालांझानीने १७७६ साली या ताऱ्यासारख्या आकृतीचे वर्णन केले, पण त्याला ते श्वासाचे इंद्रिय वाटले. पुढे १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये किचिंग यांनी अशा जीवांवर सायनाइडचा प्रयोग केला. पेशीची शक्ती खुंटली, उपसा थांबला आणि जीव फुगू लागला. म्हणजे हे काम फुकटचे नव्हे. त्याला अन्न खर्ची पडते.

समुद्रातल्या अनेक भाईबंदांना ही यातायात नाही. बाहेरचे पाणीच खारट, त्यामुळे त्यांची रिक्तिका संथ चालते किंवा नसतेच. आमांशाचा एंटामीबाही असाच सुखवस्तू. आपल्या आतड्यात त्याला पाण्याचे भय नाही, म्हणून त्याच्याजवळ रिक्तिका नाही. उघडाच गोड्या पाण्यात पडला तर तो टिकत नाही. म्हणून बाहेर पडण्यापूर्वी तो स्वतःभोवती चिवट कवच करून घेतो. पाणी उकळून प्या असे डॉक्टर बजावतात, ते या कवचातल्या पाहुण्यासाठीही.